दार लिहिताना झालेली चूक

१

कीलुंग बंदरातल्या थुंग ली-युनच्या घरात पासवर्ड एकच होता, आणि तो फ्रिजवर टांगलेल्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवलेला होता: ji32k7au4a83. आईचं पेन्शन, वीजबिल, हॉस्पिटलची वेळ, सगळ्या कुलपांना ही एकच किल्ली. दिसायला अगदी अगम्य. खरं तर त्यात काही नव्हतं. तिथल्या कीबोर्डच्या प्रत्येक बटणावर दोन खुणा असतात, एक इंग्रजी अक्षर आणि एक तिथल्या चिनी भाषेची उच्चारखूण. कीबोर्ड इंग्रजीवर ठेवायचा आणि बोटं मात्र उच्चारखुणांवरून चालवायची. यंत्राला वाटतं, कुणीतरी उगाच बटणं बडवली. आपल्याला वाक्य वाचता येतं. हे वाक्य होतं ‘माझा पासवर्ड’.

"ताई, अगं अर्ध्या बेटाचा हाच पासवर्ड आहे!" धाकटा भाऊ शी-मिंग फोनवर कळवळून म्हणाला. तो शिनचू शहरात कंप्यूटरच्या कंपनीत होता.

"मग अर्धं बेट हुशार म्हणायचं."

"हुशार? म्हणूनच आईची वेळ कुणीतरी परस्पर रद्द केली!"

ते मात्र खरं होतं. मागच्या मंगळवारी ली-युन आईला घेऊन पावसात दोन बस बदलत हॉस्पिटलात गेली, तर खिडकीतली मुलगी म्हणाली, तुम्हीच काल रद्द केलीत की. ली-युनला तिथल्या तिथे रडू फुटायचं बाकी होतं.

"बरं, वेगवेगळे करते. वहीत लिहून ठेवीन."

"वही कुठे ठेवशील?"

"तांदळाच्या डब्यात."

"आणि सापडली नाही तर?"

"तांदूळ संपले की सापडेल."

"ताई!"

"मग लॅपटॉप विचारतो ना, लक्षात ठेवू का म्हणून? त्याला हो म्हणते."

"आणि लॅपटॉपच कुणी उघडला तर? सगळं ताटात वाढलेलं. ऐक माझं. तिजोरी घे." पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपला तो तिजोरी म्हणायचा. "प्रत्येक ठिकाणी निराळा पासवर्ड ती स्वतःच बनवते. कशालाही कशाचा अर्थ नाही, म्हणून कुणाला ओळखता येत नाही. तू फक्त तिजोरीचा एक पाठ करायचा. चांगला लांबलचक वाक्यासारखा. कुणाला सांगायचा नाही, मलासुद्धा नाही."

"अर्थ नसलेलं काहीतरी रोज बघायचं म्हणजे डोक्याला ताप," ली-युन म्हणाली. पण तिने तिजोरी घेतली.

२

ती बावन्न वर्षांची होती आणि घरी बसून शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. पहिलीच्या पुस्तकात प्रत्येक अक्षराशेजारी बारीक उच्चारखुणा असतात, त्यांतली एक जरी चुकली तरी पालकांचे फोन येतात. ली-युनच्या नजरेतून चूक सुटत नसे. ही नजर आईकडून आलेली. आई, म्हणजे लान बाई, कीलुंगच्या शाळेत चौतीस वर्षं पहिलीला शिकवत होत्या. शाळा उघडली की पहिले दहा आठवडे सदतीस उच्चारखुणा, बाकी काही नाही. पोरं सगळ्यात जास्त चुकायची ती ‘न’ आणि ‘ङ’ मध्ये. दाराला त्या भाषेत ‘मन’ म्हणतात. पोरं लिहायची ‘मंग’. लान बाई लाल पेन्सिलीने गोल करायच्या आणि म्हणायच्या, "तुझ्या घराला दारच नाही वाटतं?"

आता लान बाई एक्याऐंशीच्या होत्या आणि विसरत चालल्या होत्या. लेकीचं नाव आठवणीतून जाऊन चौदा महिने झाले होते. सकाळी रताळ्याची पेज समोर ठेवली की त्या अदबीने विचारायच्या, "तुम्ही कोणाच्या आई? मुलगा कुठल्या वर्गात?" चपला उलट्या पायांत घालायच्या. खुणा तेवढ्या बोटांत उरल्या होत्या. चहात बोट बुडवून टेबलाच्या काचेवर दिवसभर लिहीत बसायच्या. एके दिवशी ली-युनने वाकून पाहिलं, तर आईने दार लिहिलं होतं आणि ‘मन’ऐवजी ‘मंग’ लिहिलं होतं. ली-युन न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली.

त्या दोनदा घरातून निघून गेल्या होत्या. दुसऱ्या खेपेला बंदराच्या धक्क्यावर सापडल्या, पावसात, लाटांकडे तोंड करून. शी-मिंगने स्पष्ट सांगितलं होतं, "तिसऱ्यांदा झालं तर आईला वृद्धाश्रमात ठेवायचं. तुझ्याच्याने होत नाही, ताई." ली-युनने आईचा हात धरून शपथ घेतली होती की हे दार आता आपल्या नजरेआड उघडणार नाही. आईला त्यातलं काय कळलं कोण जाणे.

३

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला ली-युनने तिजोरी उघडली. बाहेर कीलुंगचा नेहमीचा पाऊस होता, येतोय की जातोय ते न सांगणारा. हॉस्पिटलच्या पानासाठी नवा पासवर्ड हवा होता. तिने ‘बनवा’वर टिचकी मारली.

a/6ao6ej0

छान, काही अर्थ नाही, असं ती मनाशी म्हणाली. पण तिची बोटं गप्प बसेनात. तीस वर्षांची सवय. बटणं मनातल्या मनात दाबली गेली आणि तोंडातून शब्द आले, "मंग मेइ क्वान."

दार लावलेलं नाही. फक्त ‘मन’च्या जागी ‘मंग’.

तिला आधी हसू आलं. मग तिच्यातली मुद्रितं तपासणारी जागी झाली. ‘न’चं बटण वरच्या ओळीत, ‘ङ’चं अगदी खाली कोपऱ्यात. बोट घसरून ही चूक होत नाही, कान घसरून होते. यंत्राला कान कुठून आला?

मग ती उठली आणि दाराशी गेली. आतलं लाकडी दार वीतभर उघडं होतं. बाहेरचं लोखंडी दारही.

आईची खुर्ची रिकामी होती.

ती अनवाणीच जिन्यावरून धावली. घर चौथ्या मजल्यावर. चौथ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावर आई उभी होती, भिंतीकडे तोंड करून, करडं स्वेटर घालून. ली-युनने तिला मागून मिठीच मारली.

"आई! अगं, जीव घेतेस का माझा?"

आई वळली. तिच्याकडे नीट बघून म्हणाली, "अनवाणी काय आलीस, आ-युन? सर्दी होईल."

चौदा महिन्यांनी आपलं नाव ऐकून ली-युन तिथेच पायरीवर बसली आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. हात कोरडा आणि गार होता. वर चढताना आईने कठडा धरला नाही. आणि चपला बरोबर पायांत होत्या.

४

पुढचे तीन आठवडे सुखाचे होते, हे कबूल करायलाच हवं. आई स्वेटरची बटणं आपली आपण लावू लागली. पेजेत मीठ कमी पडलं तर सांगू लागली. डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं, तर तिने बारा आकडे, दोन काटे आणि वर कंपनीचं नावसुद्धा काढलं. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "असं सहसा होत नाही. पण झालंय तर घ्या पदरात."

शी-मिंग फोनवर आईशी बोलला आणि त्यालाही रडू आलं. "ताई, आईला माझ्या पहिल्या सायकलचा रंग आठवला गं! मलाच आठवत नव्हता."

"बघ. म्हणे वृद्धाश्रमात ठेव!"

"चुकलो बाई. हजारदा चुकलो."

ली-युनला चूक सापडत नव्हती, आणि हीच गोष्ट तिला अधूनमधून खुपायची. आईचं बोट आता टेबलावर लिहीत नसे. चहा गार होऊन जायचा, आई हात मांडीवर ठेवून सरळ बसलेली असायची. रात्री खोलीतून घोरण्याचा आवाज यायचा नाही. एकदा ली-युनने मुद्दाम मुद्रितांचा गठ्ठा समोर ठेवला. आईने लाल पेन्सिल उचलली आणि सत्तर पानांतल्या अकरा चुका काढल्या. ली-युनला नऊच सापडल्या होत्या. कौतुक वाटायच्या जागी ती आईच्या हाताकडे निरखून बघत राहिली, आणि त्याची तिला लाज वाटली. आई बरी व्हावी म्हणून मंदिरात फळं ठेवायची, आणि बरी झाली की संशय घ्यायचा! कुठल्या जन्मीची करंटी मी, असं ती स्वतःलाच बोलली.

एकदा आई म्हणाली, "ते तिजोरीचं खूळ काढून टाक, आ-युन. मला विचार, सगळे पासवर्ड माझ्या लक्षात राहतील."

"तुला कुणी सांगितलं गं तिजोरीबद्दल?"

"घरातलं घरात कळतं," आई म्हणाली आणि उशीचा अभ्रा बदलू लागली.

५

तळमजल्यावर छाय काका छत्र्या दुरुस्त करायचे. कीलुंगात हा धंदा कधी बसत नाही. सोमवारी सकाळी ली-युन भाजी घेऊन येत होती, तर त्यांनी तिला हाक मारली.

"काय गं पोरी, बाईंना इतकं भिजू देतेस?"

"आई बाहेर पडतच नाही, काका."

"बाहेर कुठे? जिन्यात. मधल्या वळणावर. परवा दिसल्या, कालही. केसांतून पाणी ठिबकतंय, अंगात करडं स्वेटर. मी म्हटलं, बाई, वर जा. तर मला विचारतात, तुम्ही कोणाचे वडील?" काका हसले. "माझा मुलगा चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या वर्गात होता, म्हणून म्हटलं, बरोबर ओळखलंत. मी छत्री आणायला खाली गेलो, येतो तर कुणी नाही."

"काल किती वाजता?"

"चार वाजले असतील."

काल चार वाजता आई खिडकीशी बसून ली-युनला मोज्यांचे जोड लावून देत होती. ली-युन म्हणाली, "दुसरं कुणी असेल, काका." काकांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि छत्रीची काडी वाकवू लागले. भाजीची पिशवी घेऊन ती जिना चढली. मधल्या वळणावर भिंतीचा रंग पोपडे धरून होता, आणि छातीच्या उंचीवर ओला डाग होता. जिन्यात कुठे गळत नव्हतं.

६

दुपारी तीनच्या सुमाराला आई ओट्याशी मासा साफ करत होती. ली-युन आपल्या खोलीत गेली आणि लॅपटॉप उघडला. तिजोरीचा लांब पासवर्ड दोनदा चुकला. वीजबिलाच्या पानाचं निमित्त करून तिने ‘बनवा’ दाबलं.

ji3y94j94au04

मी बाहेर आहे.

"योगायोग," ती मोठ्याने म्हणाली. सदतीस खुणा, आवाजाचे चार चढउतार, आणि तिचं अर्थ शोधायला सोकावलेलं डोकं. ढगात मासा दिसतो तसंच हे. खात्री करायची म्हणून तिने पुन्हा दाबलं. निरर्थक. पुन्हा. निरर्थक. एका कागदावर रेघा ओढत तिने चाळीस वेळा दाबलं आणि चाळीसही वेळा नुसता कचरा आला. तिचा जीव जरा भांड्यात पडला. शी-मिंगला सांगितलं तर पोट धरून हसेल, असं तिला वाटलं, आणि तिने एकदाच शेवटचं दाबलं.

x/3d9a/6

लंग. खाइ मंग. थंडी आहे. दार उघड.

इथेही दार चुकलं होतं. तस्संच चुकलं होतं.

तिने पडद्यावर बोट ठेवलं. ही चूक करणारी माणसं जगात हजारो असतील, पहिलीच्या प्रत्येक वर्गात पाच तरी. पण तिच्या घरातलं एकच होतं. आणि ते माणूस आत ओट्याशी उभं राहून चूक न करता मासा कापत होतं.

"काय वाचतेस?"

आई मागे उभी होती. पावलं वाजली नव्हती. तिने ली-युनच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं, लेकीच्या कानामागची लाल पेन्सिल काढली आणि कागदावर ती ओळ उतरवून घेऊन ‘ङ’भोवती नीट गोल काढला.

"इथे ‘न’ हवा," आई म्हणाली. "कुणी लिहिलंय?"

"यंत्राने."

"ढ आहे." आईने पेन्सिल परत तिच्या कानामागे खोचली. "अशांना वर्गाबाहेर उभं करावं. चल, सूप झालंय."

चौतीस वर्षांत लान बाईंनी एकाही पोराला वर्गाबाहेर उभं केलं नव्हतं. ली-युन स्वतः त्यांच्याच वर्गात होती, ती शपथेवर सांगू शकत होती.

७

ली-युन उठली. स्वयंपाकघराकडे न जाता ती दाराशी गेली. मागे वाडगे मांडल्याचा आवाज येत होता, आल्याचा वास येत होता. अजून उजेड होता, दुपारचे चारसुद्धा वाजले नव्हते. तिने लाकडी दार हळूच उघडलं. लोखंडी दार बंद होतं, त्याच्या जाळीतून जिना दिसत होता, आणि खाली तिसऱ्या मजल्याच्या आधीचं वळण.

तिथे कुणीतरी उभं होतं.

भिंतीकडे तोंड. पांढरे केस ओले होऊन मानेला चिकटलेले. करड्या स्वेटरची बटणं एक घर सोडून लागलेली, त्यामुळे एक खांदा वर. डाव्या पायात उजवी चप्पल. आणि उजव्या हाताचं बोट भिंतीवर फिरत होतं, सावकाश, एक वळण आणि शेवटी गळासारखा एक आकडा. ली-युनला ती ‘ङ’ची खूण जाळीतूनही ओळखता आली.

तिने लोखंडी दाराच्या कडीला हात घातला. कडी एवढी गार होती की बोटं आखडली. आई, असं तिला ओरडायचं होतं. ओरडून खाली धावायचं, टॉवेलात गुंडाळून वर आणायचं. आणि मग? मग रोज सकाळी पेजेच्या वाटीसमोर ‘तुम्ही कोणाच्या आई?’ ओले कपडे, उलट्या चपला, दिवसातून वीसदा कडी तपासणं, आणि शी-मिंगचं ‘तुझ्याच्याने होत नाही, ताई’. आणि टेबलाशी जे बसलं आहे, त्याला काय म्हणून हाकलायचं? काय सांगून?

खालचं बोट थांबलं. डोकं हळूहळू वळायला लागलं.

"आ-युन," आतून हाक आली. मायेची, स्पष्ट, अगदी बरोबर. "दार लाव गं. वारा येतोय."

ली-युनने कडीवरचा हात काढला. चेहरा पूर्ण वळायच्या आत तिने लाकडी दार लावलं. खालचं कुलूप फिरवलं, वरचं फिरवलं, आणि साखळी घातली. मग कपाळ दाराला टेकवून ती उभी राहिली. पावलं वर आली. चपलांचा आवाज एका पायाचा निराळा, दुसऱ्याचा निराळा. लोखंडी दाराशी थांबली. जाळीतून हात घालून कुणीतरी लाकडावर बोट फिरवत होतं, तिच्या पोटाच्या उंचीवर, आणि लाकूड इतकं पातळ होतं की तिला प्रत्येक रेघ ऐकू येत होती. ती वाचत गेली. वाचायचं नाही म्हटलं तरी तिला वाचता येत होतं, कारण तिला शिकवणारी बाई चांगली होती.

त्यात नाव नव्हतं. हाक नव्हती. दार उघड असंही आता नव्हतं. ‘माफ करा,’ असं लिहिलं होतं, ‘घर चुकलं वाटतं.’

मग पावलं खाली गेली. तिसरा मजला, दुसरा, पहिला. छाय काकांचं दुकान सोमवारी अर्धा दिवसच असतं, त्यामुळे हटकायला कुणी नव्हतं. खालचं फाटक वाजलं. त्यानंतर नुसता पाऊस राहिला.

ली-युन टेबलाशी येऊन बसली. सुपातून वाफ निघत होती. समोर आई सरळ बसली होती, हात मांडीवर.

"कोण होतं गं?"

ली-युनने जेवायच्या काड्या उचलल्या. तिने वाडगा जवळ ओढला.

"कुणी नाही, आई."

आईने मान हलवली. माशाचा चांगला तुकडा घेऊन तिने त्यातले काटे एकेक करून काढले, एकही न चुकता, आणि तो लेकीच्या वाडग्यात ठेवला.